डावीकडची म्हैस

“नितेश कसा आहे आता?” असं कुणी विचारलं की शीतल इंगळेच्या डोक्यात तिडीक जायची. विचारणाऱ्याचा काही दोष नसायचा. भाजीवाला विचारायचा, गल्लीतला इस्त्रीवाला विचारायचा. गाडी शिकायला आलेली एखादी बाई तर भर सिग्नलला गाडी बंद पाडायची आणि मागून हॉर्नचा कल्लोळ चालू असताना मान वळवून विचारायची, “मॅडम, सर कसे आहेत?”

“सर बरे आहेत. तू आधी गाडी चालू कर.”

बरे आहेत, याच्यापुढे सांगायचं तरी काय? चालतो, बोलतो, जेवतो. पूर्वीपेक्षा चार किलोनं गुबगुबीत झालाय. भेटायला येणारा प्रत्येक जण पाठीवर थाप मारून म्हणतो, अरे तू तर एकदम फर्स्ट क्लास! आणि चहा पिऊन निघून जातो. मागे राहते ती शीतल, आणि तो फर्स्ट क्लास माणूस.

वाकोल्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं ‘संबोधी मोटर ट्रेनिंग स्कूल’. एक टेबल, वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, भिंतीवर बाबासाहेब आणि बाहेर उभी एक पांढरी छोटी गाडी, जिला शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. नितेशनं हे सगळं हिमतीवर उभं केलं होतं. त्याचे वडील अंबादास हिंगोलीकडून मुंबईत येऊन महापालिकेच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले आणि ट्रकवरच म्हातारे झाले. ते गेले, आणि आई द्रौपदी गावी परत गेली. नितेशच्या अंगात मात्र स्टिअरिंग भिनलेलंच होतं. शीतल त्याच्याकडे गाडी शिकायला म्हणून आली. इतक्या वेळा गाडी बंद पाडली तिनं, पण तो एकदाही तिच्यावर ओरडला नाही. “पडली तर पडली बंद. त्या गाडीला थोडंच माहितीय आपण शिकतोय ते,” असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत शीळ घालायचा. त्या शिळेवरच ती भाळली म्हणायला हरकत नाही. लग्नानंतर तिनंही शिकवण्याचं लायसन्स काढलं. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीनं गिळलं आणि स्कूल चालवलं. पुरुष विद्यार्थी त्याच्याकडे, बायका हिच्याकडे. तो शांत, ही फटकळ. “तुमच्याकडे शिकायचं म्हणजे आधी कान जाड करून यावं लागतं,” असं बायका हसत म्हणायच्या.

आता उलटं झालं होतं. आता तो ओरडायचा, आणि शांत राहायचं काम शीतलवर येऊन पडलं होतं. ते तिला येत नव्हतं.

झालं असं होतं. जयंतीच्या आधीच्या दिवशी नितेश स्कूलच्या पाटीवर निळ्या पताका बांधायला शिडीवर चढला. शिडीचा पाय सरकला आणि तो उताणा पडला. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. लोक धावले, पण तो स्वतःच उठून बसला. “काय नाय झालं, काय नाय झालं,” म्हणाला. चहा प्यायला. उरलेल्या पताका खाली उभं राहून विकीकडून बांधून घेतल्या. विकी म्हणजे त्याचा बालमित्र, टॅक्सी चालवणारा. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. विकीनंच त्याला टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तो बेशुद्ध होता.

तिथून पुढे सुरू झाली भाकितं.

पहिलं भाकीत एका तरुण डॉक्टरनं केलं. त्याच्या डोळ्यांत झोप साचली होती. मेंदूच्या उजव्या भागात रक्त साकळलंय, मेंदूलाही मार लागलाय, लगेच ऑपरेशन करतोय, असं सांगून तो म्हणाला, “ताई, तयारी ठेवा.”

“कसली तयारी?”

त्यानं विकीकडे बघितलं. विकी भिंतीकडे बघायला लागला.

नितेश मेला नाही. पण कित्येक आठवडे डोळे उघडून बघेना. तेव्हा दुसरं भाकीत आलं, जरा मोठ्या डॉक्टरचं. “जगतील असं आता वाटतंय. पण पुढे उठून चालतीलच, असं मी सांगू शकत नाही.” डॉक्टरनं जपून शब्द वापरले होते. शीतलनं ते जसे ऐकायला आले तसे घेतले: हा आता अंथरुणातच राहणार. मग ती कामाला लागली. रडत बसण्याचा तिचा स्वभावच नव्हता. दुसऱ्या मजल्यावरची हवेशीर खोली सोडली आणि त्याच गल्लीत तळमजल्यावरची घेतली, चाकांच्या खुर्चीवरून त्याला आत-बाहेर करता यावं म्हणून. डोक्याकडून वर होणारा लोखंडी पलंग भाड्यानं आणला. बाथरूमचा उंबरा फोडला. गावाहून सासूला बोलावून घेतलं. द्रौपदीबाई एका पिशवीत दोन लुगडी घेऊन आल्या, त्या राहिल्याच.

आणि मग नितेश उठला. आधी बोटं हलली, मग पाणी मागितलं, मग एक दिवस वॉर्डबॉयच्या खांद्यावर हात टाकून संडासापर्यंत चालत गेला. मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन त्याच्या पलंगाशी आले. “वय कमी आहे, ऑपरेशन वेळेत झालं. अशी माणसं कधीकधी आपल्याला चकवतात,” असं काहीतरी त्यांनी मुलांना समजावलं. सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं, सुधारणा चांगली.

शीतलच्या जिवात जीव आला, हे खरंच. पण पलंग परत द्यायला टेम्पो बोलावताना ती विकीला म्हणाली, “आधी म्हणाले मरणार, मग म्हणाले पडून राहणार, आता म्हणतात चांगला. आणि मी बसलेय इथे तळमजल्यावर, गटाराच्या तोंडाशी. उद्या पाणी भरलं की ह्या डॉक्टरांना पोहायला बोलावते.”

“वहिनी, तुझं पण ना. माणूस परत आला ते बघ की!”

माणूस परत आला. पण कुठला, हे तिला हळूहळू कळायला लागलं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते ताटावरून. नितेश ताटाच्या उजव्या बाजूचं सगळं जेवायचा. डावीकडे वाढलेली भाजी तशीच. “भाजी नाही वाढली?” असं वरून विचारायचा. शीतलनं ताट फिरवून दिलं की त्याला भाजी सापडायची आणि तो तिच्याकडे संशयानं बघायचा, जणू तिनंच लपवून ठेवली होती. दाढी करायचा ती उजव्या गालाची. दारातून बाहेर पडताना डावा खांदा चौकटीला आपटायचा. डोळे तपासले, डोळे चांगले होते. डावीकडे बघ, असं सांगितलं तर चिडायचा. “मला काय नाय झालं. तूच मला आजारी ठरवायला निघालीयस.”

चिडणं तर रोजचं झालं. मिक्सरचा आवाज झाला की चिडायचा, कुकरची शिट्टी झाली की चिडायचा. पाहुण्यांसमोर मात्र हसतमुख. एकेकदा तर नको तिथे हसायचा. शेजारच्या माणसाच्या मयताला गेला तेव्हा तिरडीकडे बघून मोठ्यांदा म्हणाला, “हा तर जिवंतपणीपेक्षा बरा दिसतोय.” शीतलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. घरी मात्र तासन्‌तास बसून राहायचा. सांगितलं तर आंघोळ, सांगितलं तर जेवण. नाही सांगितलं तर पंख्याकडे बघत बसलेला. शिळ्या पोळीसारखे दिवस. शीळ मात्र कुठे गेली कोण जाणे.

“तो पहिल्यापासूनच तसा हाय की,” द्रौपदीबाई म्हणायच्या. “त्याचा बाप बी चिडकाच होता.”

“आई, हा चिडका नव्हता हो. मी दहा वर्षं बघितलंय याला.”

“तुझी दहा, माझी चाळीस.”

शीतल चावी उचलायची आणि शिकवायला निघून जायची. बायका गाडी बंद पाडायच्या आणि हिचा सगळा राग त्यांच्या क्लचवर निघायचा.

विकीच्या ओळखीतल्या कुणीतरी घाटकोपरच्या डॉक्टर नीला कारखानीस यांचं नाव सांगितलं. मेंदूविकारातल्या माहीतगार. शीतल त्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला एका कागदावर घड्याळ काढायला लावलं. नितेशनं झोकात गोल काढला आणि सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. डावी बाजू मोकळी मैदानासारखी. “झालं,” म्हणाला आणि पेन खाली ठेवलं.

डॉक्टर शीतलला समजावून सांगू लागल्या. डोळ्यांना दिसतंय, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. आणि दखल घेत नाही हेही त्याला जाणवत नाही. चिडणं, बसून राहणं, हे सगळं त्याच माराचं. नाटक नाही, हट्ट नाही.

“ते समजलं मॅडम. कधी जाणार, ते सांगा.”

“पहिल्या सहा महिन्यांत बरंचसं सुधारतं. वर्षभर थोडं थोडं. त्यानंतरही काहींचं सुधारतं, पण सावकाश. शंभर पेशंट घेतले तर—”

“शंभर कुठून आणू? माझ्या घरात एक आहे.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “तेच तर अडतं ना. शंभरांचं मी बऱ्यापैकी सांगू शकते. एकाचं विचारलंत की माझी पंचाईत होते. नितेश त्या शंभरांत कुठे बसणार, ते आज कुणीही सांगेल तर ते अंदाजपंचे असेल.”

“मग तुम्ही सगळे सांगता कशाला? कधी मरणार सांगता, कधी पडून राहणार सांगता. तुमच्या एकेका शब्दावर मी घर बदललं आहे, माहितीय?”

बाजूला बसलेला नितेश जोरात हसला. “ही अशीच ओरडते, मॅडम. गाडी शिकवताना पण.”

डॉक्टरांनी रेवती नावाच्या मुलीकडे पाठवलं. ती मान डावीकडे वळवायचे व्यायाम शिकवायची, पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून तिथून वाचायला लावायची. नितेश दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, “बालवाडी आहे ती. मी नाय जाणार.” महिनाभर गयावया करून शीतलनं त्याला परत नेलं. मग तो जायचा, पण घरी व्यायाम करायचा नाही. रेवतीनं दिलेली लाल पट्टी त्यानं द्रौपदीबाईंच्या तांब्याला चिकटवून टाकली.

अशी दोन वर्षं गेली. थोडं सुधारलं, नाही असं नाही. दोन्ही गालांची दाढी व्हायला लागली. ताटातलं सगळं खायला लागला, फक्त घाईत असला की डावीकडची चटणी राहायची. शीतल मनाशी म्हणायची, म्हणजे होतंय. मग पुन्हा चार महिने काहीच नाही, आणि तीच शीतल म्हणायची, म्हणजे एवढंच. असं वर-खाली करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. या सगळ्या काळात स्कूलमधली नितेशची वेळ तिनं तशीच मोकळी ठेवली होती. दुसरा शिकवणारा नेमला नाही. पुरुष विद्यार्थी आले की सांगायची, “सर थोड्या दिवसांत सुरू करतील.” हळूहळू ते यायचेच थांबले.

आणि त्यात विकीनं काशी केली.

विहारात रविवारची बैठक होती, पुढच्या जयंतीच्या मिरवणुकीची. पूर्वी दरवर्षी रथाचा ट्रक नितेश चालवायचा. माणसाच्या चालीनं, क्लचवर, तासन्‌तास, पुढे लेझीम, दोन्ही बाजूंना पोरंसोरं. ते त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. बैठकीत विषय निघाला आणि विकीला उमाळा आला. त्यानं उठून नितेशच्या खांद्यावर हात ठेवला. “यंदा रथ आपला भाईच चालवणार! बोला, आहे का कुणाचं काही?”

टाळ्यांचा कडकडाट. बायकांत बसलेल्या शीतलनं कपाळाला हात लावला. नितेशचा चेहरा असा फुलला होता की अपघातानंतर तिनं तो तसा पाहिलाच नव्हता. त्या चेहऱ्यासमोर उभं राहून नाही म्हणायचं धाडस तिलाही झालं नाही.

बाहेर आल्यावर तिनं विकीला गाठलं. “अक्कल गहाण टाकलीस काय रे? रथाच्या डाव्या अंगाला पोरं नाचत असतात. त्याला डावीकडचं ताट दिसत नव्हतं!”

“नव्हतं ना. आता दिसतं की. वहिनी, तू त्याला लहान पोरासारखं बांधून ठेवलंयस, म्हणून तो तसा झालाय. एकदा चालवू दे, बघ कसा खडखडीत होतो.”

“तू डॉक्टर आहेस?”

“डॉक्टर तरी कुठे बरोबर निघाले?”

खरं सांगायचं तर मनातून तिलाही तेच वाटत होतं. सगळे चुकले होते, मग डॉक्टर नीलाही चुकल्या असतील. हातात स्टिअरिंग आलं की अंगातली जुनी सवय जागी होईल, आणि स्टिअरिंगबरोबर तो माणूसही. हा विचार ती बोलून दाखवत नव्हती, पण रात्रंदिवस कुरवाळत होती. उद्या त्यानं विकीची टॅक्सी परस्पर घेऊन जाण्यापेक्षा आपल्या गाडीत, आपल्या पायाखाली ब्रेक असताना बघू, असं तिनं ठरवलं.

सकाळी लवकर आरे कॉलनीत जायचं ठरलं. तिथे आतल्या रस्त्यांना वर्दळ कमी. द्रौपदीबाईंना कुठून सुगावा लागला कोण जाणे, त्या डोक्यावर पदर घेऊन आधीच मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

“आई, तुम्ही कशाला?”

“माझं लेकरू गाडी चालवणार. मी बघायचं नाही व्हय?”

हायवेवरून शीतलनं नेली. कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर, गोठे लागायच्या आधी, तिनं गाडी कडेला घेतली आणि दोघांनी जागा बदलल्या. नितेशनं सीट मागे घेतली, आरसे लावले, पट्टा बांधला. सगळं पूर्वीच्या क्रमानं. किल्ली फिरवली, आणि गाडी अलगद सुटली. पहिला, दुसरा, तिसरा. गिअर पडल्याचं कळत नव्हतं. वळणावर वेग बरोबर उतरला. तिच्या हाताखालून इतकी माणसं गेली, पण असा हात एकाचाही नव्हता. तिनं ब्रेकवरचा पाय थोडा सैल केला. मागून द्रौपदीबाई म्हणाल्या, “बापासारखाच चालवतो.” शीतल खिडकीबाहेर बघू लागली. डोळे पुसलेले कुणाला दिसायला नको होते.

तेवढ्यात डाव्या बाजूच्या गोठ्याच्या फाटकातून एक म्हैस बाहेर पडली. काही घाईत नव्हती. रुबाबात, मान हलवत, सरळ रस्त्यावर. मागे काठी घेतलेला गवळी. शीतलला वाटलं, आता हा वेग कमी करेल. आता करेल. नितेश समोर बघत होता, चेहऱ्यावर समाधान, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच.

तिनं दोन्ही पायांनी आपले क्लच-ब्रेक दाबले. टायर किंचाळले. गाडी म्हशीच्या पोटापासून हातभर अंतरावर उभी राहिली. म्हशीनं बॉनेटकडे बघितलं आणि ती पुढे चालू लागली. गवळ्यानं अशी काही शिवी हासडली की द्रौपदीबाईंनी कानावर पदर ओढला.

नितेश शीतलकडे वळला. “ब्रेक का मारलास?”

“का मारला? अरे म्हैस!”

“कुठे म्हैस?”

म्हैस अजून गाडीच्या समोरच होती, आता उजवीकडे सरकत होती. त्याला ती दिसली. “ही आत्ता आली. मी थांबवणारच होतो. तू मुद्दाम मारलास ब्रेक. मी चालवू नये म्हणून. तुला हेच पाहिजे, मी घरात पंख्याकडे बघत बसावं, आणि स्कूल तुझं!”

शीतल दार उघडून खाली उतरली. थोडं अंतर ताडताड चालत गेली. आणि मग त्या शेणाच्या वासाच्या रस्त्यावर, झाडांकडे तोंड करून, तिनं अडीच-तीन वर्षांचं सगळं बाहेर काढलं. डॉक्टरांना शिव्या घातल्या, विकीला घातल्या, शिडीला घातल्या, तळमजल्याच्या खोलीला घातल्या. “फर्स्ट क्लास! म्हणे फर्स्ट क्लास! या ना मग, राहा ना कुणीतरी या फर्स्ट क्लासबरोबर आठ दिवस!” फाटकात उभी असलेली एक बाई दुधाची बादली हातात धरून निमूटपणे ऐकत राहिली. आवाज बसला तेव्हा शीतल परत फिरली.

ती उघड्या दाराशी येऊन उभी राहिली. मग मागच्या सीटवरून द्रौपदीबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

“नितेश, म्हैस फाटकातून निघाली, तेव्हापासून मला दिसत होती रे बाबा. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी दिसत होती. तुला दिसली नाही.”

“आई, तू पण तिच्याच—”

“मी कुणाच्या बाजूनं नाही. मी मागं बसलेय.” त्यांनी कानावरचा पदर मागे घेतला. “इतके दिस मीच म्हणत होते, माझ्या लेकराला काय बी झालं नाही. झालंय की रे.”

नितेशनं स्टिअरिंग धरूनच हळूहळू मान वळवली, डावीकडे, रेवतीनं शिकवली होती तशी हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. फाटक बघितलं, गोठा बघितला, बादली घेतलेली बाई बघितली. “एवढं सगळं होतं इथे?” तो म्हणाला. मग पट्टा सोडला आणि स्वतःहून उतरला. शीतलकडे न बघता गाडीच्या पुढून वळसा घालून तो दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. शीतलनं गाडी घराकडे वळवली. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. उलट, कुरवाळून ठेवलेलं काहीतरी त्या रस्त्यावर सांडून आलो, असं वाटत होतं.

पुढचा महिना वाईट गेला. नितेश जेवेना, उठेना. आता त्याला आपल्याला काय झालंय ते थोडं थोडं कळायला लागलं होतं, आणि कळणं हे न कळण्यापेक्षा जड होतं. डॉक्टर नीलांनी त्यासाठी वेगळी गोळी दिली. शीतलनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण आता आवाजात भांडण नव्हतं, नुसता थकवा होता.

“गाडी कधी?”

“आज नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तपासू. कदाचित तेव्हाही नाही.”

“कदाचित कधीच नाही?”

“कदाचित.” मग डॉक्टर म्हणाल्या, “एक सांगू? उत्तर येईपर्यंत थांबायचं, असं करू नका. पेशंटच्या आधी घरचं माणूस ढासळलेलं मी इथे खूपदा बघितलंय. आज तो जसा आहे, त्याच्यावर काय बेतता येतं ते बघा. सुधारला तर पुन्हा बदला.”

“पुन्हा घर बदलू?” शीतल म्हणाली, पण तिला थोडं हसू आलं.

जयंतीला रथ विकीनं चालवला. नितेश विहाराच्या दारात खुर्ची टाकून बसला. मिरवणूक समोरून गेली तेव्हा विकीनं वरून ओरडून त्याला हाक मारली. तो उठून उभा राहिला आणि काही पावलं ट्रकबरोबर चालला. मग गर्दीचा आवाज सहन होईना म्हणून घरी आला. विकी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला आणि शीतलसमोर नुसता उभा राहिला. “बस,” ती म्हणाली. “चहा टाकते. पण बडबड करू नकोस.”

त्याच आठवड्यात तिनं ती गोष्ट केली, जी ती तीन वर्षं टाळत होती. राधा नावाची तिची जुनी विद्यार्थिनी होती, पवईतल्या ऑफिसातल्या लोकांना ने-आण करणारी गाडी चालवायची. धीट, हात चांगला, शिकवण्याचं लायसन्सही काढलेलं. तिला शीतलनं नितेशच्या वेळेवर नेमलं. नितेशला आधी सांगितलं, सगळ्यांसमोर नाही, घरात, स्वच्छ शब्दांत.

“म्हणजे मी संपलो,” तो म्हणाला.

“तसं मी म्हणाले नाही. तू कधी येशील मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि मला आता वाट बघायचा कंटाळा आलाय, नितेश. खरंच कंटाळा आलाय.”

त्यानं भांडं आपटलं. दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो आपणहून स्कूलमध्ये आला, चिन्हांच्या तक्त्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि राधाची परीक्षा घ्यायला लागला. लायसन्सच्या परीक्षेला विचारतात ते सगळे नियम त्याला तोंडपाठ होते, त्यातलं एकही अक्षर कुठे गेलं नव्हतं. मग नव्या विद्यार्थ्यांना तक्ता तोच शिकवायला लागला. तेच ते विनोद दिवसातून तीनदा सांगायचा. एकदा एका जाड्या माणसाला, “तुमच्यासाठी सीट बेल्टला जोड लावावा लागेल,” असं सरळ तोंडावर बोलला. तो माणूस आपलं नाव काढून घेऊन निघून गेला. शीतलनं डोकं धरलं. दमला की तो मधेच उठून घरी निघून जायचा आणि अर्धा वर्ग तसाच बसलेला राहायचा. पण दुसऱ्या दिवशी तो यायचा. कुणी सांगायच्या आधी, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

डॉक्टर नीलांना हे सांगितल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “मला हे अपेक्षित नव्हतं,” असं त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं.

“मॅडम, तुम्हाला काय अपेक्षित आहे ते आता मला सांगूच नका,” शीतल म्हणाली.

परवा एक नवी बाई गाडी शिकायला आली. वाकोला पुलाच्या चढावर गाडी मागे सरकू लागली, मागच्या रिक्षावाल्यानं आरडाओरडा केला, आणि बाईनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून विचारलं, “मॅडम, ते तक्ता शिकवणारे सर तुमचे मिस्टर ना? ते थोडे… म्हणजे, बरे आहेत ना?”

शीतलनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबून धरला. “कधी बरे असतात, कधी नसतात. मलाही डोक्याला ताप होतो, त्यांनाही होतो. हात ठेव स्टिअरिंगवर. हाफ क्लच. घाबरू नकोस, मी धरलंय.”